संत्र्याची पावडर, एक चमचा

घरगुती पेयांच्या कृतींचं मोबाईल ॲप करायचं ठरवलं तेव्हा मला सगळी काळजी रंगांची होती. पन्ह्याला कुठला हिरवा घ्यायचा, अंबाडीच्या सरबताला कुठला लाल, आणि पांढऱ्या स्क्रीनवर ताक दिसणार कसं. भद्रावतीच्या घरी बसून मी नागपूरच्या एका कंपनीसाठी ॲपची डिझाइनं करते. हे ॲप मात्र माझं स्वतःचं, रिकाम्या वेळेतलं. बायका कृती सांगतील का, ही शंका मनात आली नाही. आणि सांगितल्याही त्यांनी. पोंभुर्णा, चामोर्शी, कुठकुठल्या ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायांनी हौसेनं सांगितल्या. माझं चुकलं ते एवढंच, की मी त्या करून पाहिल्या.

एका रविवारी ओट्यावर पाच भांडी मांडून पाच पेयं केली. पाचही बेचव. फॅक्टरीतून निवृत्त झालेले माझे वडील प्रत्येकाचा एकेक घोट घेऊन म्हणाले, "आता चहा कर."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे कृती विचारली तर कोणी नाही म्हणत नाही, ते बरं दिसत नाही. गूळ कुठल्या दुकानातून आणायचा इथपर्यंत सगळं सांगतात आणि एक जिन्नस गुपचूप गिळतात. पुढे कुठल्याशा लग्नात ती बाई विचारते, "कसं झालं होतं व?" आपण म्हणतो, "तुमच्यासारखं नाई झालं." की तिचा चेहरा खुलतो. या एका वाक्यासाठी एवढा उद्योग, आणि माझा अख्खा रविवार पाण्यात.

मी चिडले. चिडले की मला चांगलं सुचतं. प्रत्येक कृतीखाली मी एक बटण टाकलं, 'चूक सापडली'. टाईप करायची भानगड नाही, दाबायचं आणि बोलायचं. मी ऐकून मंजूर केलं की दुरुस्ती कृतीत जाणार. स्वतःचं गुपित कोणी फोडणार नव्हतं, पण दुसरीची चूक दिसल्यावर गप्प बसेल अशी बाई आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात मला तरी भेटलेली नाही.

चामोर्शीच्या बाईंनी पोंभुर्ण्याची आंबील धरली. "लसूण ठेचून टाकला नाई तं ते आंबील होय का? बिमाराचं खाणं होय." पोंभुर्ण्याच्या बाईंना ते झोंबलं. त्यांनी चामोर्शीच्या पन्ह्यावर सूड उगवला. "कैरी उकडते काय कोणी? निखाऱ्यात भाजा लागते, बाई!" दोन आठवड्यांत गिळलेले सगळे जिन्नस बाहेर आले. मी खुर्चीत मांडी घालून दुरुस्त्या मंजूर करत होते आणि एकटीच हसत होते.

बेलाचं सरबत तेवढं राहिलं. ते शेजारच्या खालांचं.

खालांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. बेलाचं सरबत खाला आणि माझी आई मिळून करायच्या. भांडं खालांचं, गाळायचं फडकं आईचं. रोजे उन्हाळ्यात आले की तेच सरबत त्यांच्याकडे इफ्तारला असे, आणि रामनवमीला आमच्या दारात वाटलं जाई. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिची ती चव आता एकट्या खालांच्या हातात होती, आणि बकरी ईद झाली की घर विकून खाला कायमच्या लेकीकडे हैदराबादला चालल्या होत्या. ॲप गेलं खड्ड्यात. मला ती चव हवी होती.

मी विचारलं तर खाला लगेच म्हणाल्या, "लिही." बेलाचा गर दोन तास भिजवायचा, हातानं कोळायचा, फडक्यानं गाळायचा, गूळ, विलायची, चिमूटभर मीठ. मी केलं. चांगलं झालं, पण ते नव्हतं.

"खाला, काही राह्यलं काय?"

"काई नाई राह्यलं. तुझ्या हातात घाई आहे."

म्हणजे खालांनीही गिळलं होतं! मग मी एक वाईट काम केलं. 'भद्रावतीच्या खाला' या नावानं त्यांची कृती ॲपवर चढवली आणि शेवटी एक ओळ आपल्या मनची घातली: संत्र्याची पावडर, एक चमचा, पाकिटातली.

अर्ध्या तासात खाला दारात. ओढणी खांद्यावरून घसरलेली, हातात मोबाईल.

"संत्र्याची पावडर? मी? काऊन बदनाम करून राह्यली मले? हैदराबादले कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"चूक सापडली ना, खाला? मग दाबा बटण अन् सांगा बरोबर काय ते."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग बटण दाबून चांगली चार मिनिटं बोलल्या. बेल तोडायचा नाही, आपोआप पडलेला घ्यायचा. बी रगडायची नाही, कडू होते. गूळ आधी नाही, गाळल्यावर. जाताना खाला चक्क हसत होत्या. मी पुन्हा केलं. पुन्हा ते नव्हतंच.

ईद झाली. सामान बांधायला मी त्यांच्याकडे गेले. पोत्यात भांडी भरता भरता सरबताचं ते मोठं पातेलं हाताला आलं आणि माझा सगळा शहाणपणा संपला. "खाला, मले मोबाईलात नाई टाकायचं," मी म्हणाले, "मले फक्त प्यायचं आहे. आई करत होती तसं." आणि मी रडले. मी काही सुबक रडत नाही. नाक, डोळे, सगळंच वाहतं.

खाला उठल्या. दार लावलं, खिडकीही लावली. पोत्याच्या तळातून एक डबा काढला. आत मोहाची वाळलेली फुलं होती, ज्यांची दारू गाळतात ती.

"तुझ्या मायची रीत हे," त्या म्हणाल्या. "चामोर्शीकडची, तिच्या माहेरची. एक मूठ फुलं, दोन घंटे पाण्यात. पहिल्या साली तिनं मले सांगतलंच नाई. मी इफ्तारले पेली, तारीफ केली. मग एक दिस डबा दिसला. आठ दिस बोलली नाई मी तिच्यासंगं. मग मी सोता भिजवून पाह्यलं. नशा कुठची? निसता गोडवा. दोन घंटे ठेवलं तं सरबत, चार दिस ठेवलं तं पोलीस."

मी रडता रडता हसले.

"मग जिल्ह्यात दारूबंदी लागली. तुझी माय भ्याली. म्हणे, लोक म्हणतीन हिच्या घरी मोह भिजते. शपथ घातली मले, कोणाले सांगू नोको, पोरीले बी नोको, तिच्या पोटात काई राहत नाई. अन् माझं का? साऱ्या गल्लीले रोज्यात मोह पाजला म्हणतीन!"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आईचं मत मला मान्य नाही. पण ॲप बनवणारी मीच, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं.

बांधलेलं पोतं सोडून खालांनी पातेलं बाहेर काढलं. आम्ही दोघींनी सरबत केलं. पहिला घोट घेतला आणि आई समोर नव्हती एवढंच कमी होतं. एक गिलास मी वडिलांना नेऊन दिला. त्यांनी तो संपवला, रिकामा गिलास बराच वेळ हातात धरून बसले आणि चहा मागितला नाही.

डबा मला देऊन खाला गेल्या. त्यांची दुरुस्ती मंजूर करायची राहूनच गेली होती; ती केली आणि कृतीतली पावडर काढून टाकली. तिच्या जागी काय लिहावं? खरं लिहिलं तर आईची शपथ मोडणार. मी लिहिलं: काळ्या मनुका, एक मूठ. बायांवर एवढी चिडणारी मी, मीही गिळला एक जिन्नस.

तिसऱ्या दिवशी मोबाईल वाजला. बेलाच्या सरबतात चूक सापडली होती. मागे कुकरची शिट्टी, आणि हसू कसंबसं दाबून बोलणाऱ्या खालांचा आवाज. "मनुका नाई यात, बाई. संत्र्याची पावडर पडते. एक चमचा. पाकिटातली."

मी ते पाच वेळा ऐकलं. रडले, हसले आणि दुरुस्ती मंजूर केली.

परवा चामोर्शीच्या बाईंचा फोन आला. सगळं लिहिल्याप्रमाणेच केलं, म्हणाल्या, पण तुमच्या खालांसारखं काही झालं नाही, भलतंच झालं. यात काही राहिलं तर नाही ना?

"काई नाई राह्यलं," मी म्हणाले. "तुमच्या हातात घाई आहे."