केळीच्या अंगावर आप्पांचा स्वेटर

मंडळी, काल आपल्या बागकामाच्या ग्रुपवर न्यू जर्सीच्या मेंबरनी विचारलंय, थंडीत केळ बाहेरच ठेवून कशी जगवायची. उत्तर देते, पण आधी आज सकाळचं सांगू दे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून घाईत लिहितेय.

आमचं घर नावड्याला, तळमजल्यावर. मागे थोडी जागा आहे, तिथे आप्पांची केळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे रावेरचे. तिकडच्या थंडीत केळी करपतात, म्हणून इथेही ते दर पौषात केळीला गोणपाट गुंडाळायचे. शेजारच्या काकू हसायच्या, "इथं थंडी हाय कुठं?"

आप्पा उन्हाळ्यात गेले. यंदा केळीला गोणपाट कोणी गुंडाळलंच नाही.

आज मागचं दार उघडलं, तर तळोज्याच्या कारखान्यांकडून आलेल्या धुरक्यात आप्पा पाठमोरे उभे. तोच चॉकलेटी स्वेटर. माझ्या तोंडून निघूनही गेलं, "आप्पा, आत या, गार आहे."

केळ होती. स्वेटरची बटणं नीट लावलेली.

आई मागून म्हणाली, "राहू दे तो. ह्यांना थंडी सोसत नाही."

आईने आप्पांचं नाव कधी घेतलं नाही. तिचे 'हे' म्हणजे आप्पाच. केळीला ती कायम 'ही' म्हणायची.

तर उत्तर असं: बुंध्याभोवती सुकी पानं लावा, वरून गोणपाट बांधा. इथे तरी तेवढ्यात जगते.

आमच्या केळीला घड लागलाय. घड उतरवला की केळ कापावीच लागते, हे आप्पांनीच शिकवलं. तेव्हा आईला काय सांगू?