हातातला कोमट गोटा

डिझाइन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये येण्याआधी काकूंनी एकोणीस वर्षं दात केले होते. डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे लॅबमध्ये यायचे. त्यांच्यावर मेण चढवायचं, वरच्या-खालच्या दातांचा चावा जुळवायचा आणि कवळी तयार करून परत पाठवायची. माणूस कधी दिसायचा नाही, डबीवर नुसता आकडा. तरी डबी बंद करण्याआधी काकू ती कवळी हातातल्या हातात पुन्हा पुन्हा उघडमीट करून बघायच्या, कारण कुणीतरी त्या दातांनी खरोखर जेवणार होतं. पुढे जबड्यांची मापं संगणकात जायला लागली, दात मशीन कोरायला लागलं, आणि एका दुपारी लॅबच्या मालकाने काकूंना समोर बसवून स्वतःच्या हाताने पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच त्यांना काय ते कळलं.

कॉलेजातलं काम बरोबर उलटं होतं. इथली मुलं जगात नसलेल्या वस्तू कागदावर काढायची आणि काकूंनी त्या खऱ्या वाटतील अशा घडवायच्या. दिवसाला फक्त चाळीस शब्द बोलू देणारा फोन. घरात भांडण सुरू झालं की ते रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे ऐकवणारा स्पीकर. यातलं काही विकायचं नव्हतं, चालणारही नव्हतं. सर म्हणायचे, आपण वस्तू करत नाही, वस्तूच्या रूपात प्रश्न करतो. रोज हातात असलेल्या यंत्रांनी आपलं काय करून ठेवलंय, ते लोकांना दिसलं पाहिजे. काकूंना हे पचायला सहा महिने लागले. त्यांचे यजमान पंप दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "दिवसभर न चालणाऱ्या वस्तू करतेस आणि घरातला चालणारा मिक्सर मात्र मोडून ठेवतेस."

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. काकू मनातल्या मनात तिला प्रश्नावली म्हणायच्या, कारण तिची चहाची मागणीसुद्धा प्रश्नासारखी यायची. तिची आई दूर गावी राहायची आणि लेक फोनवर शेवटची कधी दिसली यावर डोळा ठेवून असायची. पहाटे तीनला जागी होतीस, कुणाशी बोलत होतीस, अशी सकाळी उलटतपासणी. मुलीने फोनमधली ती सोयच बंद करून टाकली. आईने दोन दिवस अन्न टाकलं. त्या रागातून मुलीने गोटा काढला.

गोटा मुठीत मावेल एवढा, राखाडी, नदीतल्यासारखा गुळगुळीत. शेजारी आकड्यांची पाटी, तिच्यावर आपल्या माणसाचा नंबर टाकायचा. खाली लिहिलेलं: "तुमचं माणूस सुखरूप असेपर्यंत हा गोटा उबदार राहतो. असा गोटा मिळाला तर घ्याल का? त्या माणसाला विचारून घ्याल का?" टाकलेला नंबर कुठेच जात नव्हता. आत बॅटरी, तापणारी तार आणि मधूनमधून ती तार बंद करणारा टायमर, एवढाच संसार. काकूंनी दोन अर्धे भाग जोडून सांधा इतका घासला की नखालासुद्धा लागेना. ऊब किती असावी हे त्यांनी स्वतःच्या गालावर लावून ठरवलं. झोपेतून उठलेल्या पोराच्या कपाळाइतकी. मुलीने गोटा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सोमवारी प्रदर्शन उघडलं. काकूंकडे वस्तूंची देखभाल होती. दुपारच्या सुटीत समोरच्या विमा कार्यालयातली एक बाई आत आली. पन्नाशीची, खांद्याला पिशवी, केसात पेन खोचलेलं. सगळ्या वस्तूंवरून तिने भराभर नजर फिरवली आणि गोट्यापाशी थांबली. नंबर टाकला, गोटा उचलला आणि डोळे मिटून उभी राहिली. जाताना तिने काकूंना सांगितलं की मुलगा दुसऱ्या शहरात असतो, आठ महिने झाले फोन उचलत नाही. निरोप वाचतो, उत्तर देत नाही. "वाचतो म्हणजे आहे, एवढंच कळायचं. आज बरं वाटलं, ताई."

काकू तडक मुलीकडे गेल्या आणि म्हणाल्या की त्या बाईने खालची पहिलीच ओळ वाचली, पुढचे प्रश्न वाचलेच नाहीत, तिला सांगून टाकू या. मुलगी घुटमळली. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते, तिची पदवी त्यावर होती.

"आत्ता सांगितलं तर तो नुसता गरम दगड होईल, काकू. शुक्रवारनंतर मी स्वतः सांगते."

काकूंनी मान डोलावली. चारच तर दिवस.

मंगळवारी बाई आली, बुधवारी आली. बुधवारी तिने डबासुद्धा तिथेच भिंतीशी बसून खाल्ला, एका हाताने. त्या संध्याकाळी फरशी घासणाऱ्या माणसाने मशीनसाठी चार्जिंगच्या वाटीची वायर काढली आणि परत लावायला विसरला. काकूंनी निघताना गोटा वाटीत ठेवला. वाटीवरचा बारीक दिवा लागला की नाही, हे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत एकही डबी त्यांनी न तपासता बंद केली नव्हती.

गुरुवारी दुपारी त्या वर्कशॉपमधून वर प्रदर्शनात आल्या तेव्हा बाई जमिनीवर बसली होती. एका हाताने थंड पडलेला गोटा गालाशी दाबलेला, दुसऱ्या हाताने कानाला फोन. तिकडे घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. काकूंनी धावत जाऊन सांगितलं, "अहो, चार्जिंग उतरलंय त्याचं." तिच्या कानात काही शिरलं नाही. गोटा तिथेच टाकून ती जिना उतरली. काकू मागोमाग रस्त्यापर्यंत गेल्या, पण तोवर ती दिसेनाशी झाली. विमा कार्यालयात विचारलं तर सांगितलं, रजा टाकून गेली.

शुक्रवारी ती पुन्हा आली. तेव्हा दोन परीक्षक गोट्यासमोरच उभे होते, बाजूला सर, आणि मुलगी बोलत होती. बाई कुणाकडे न बघता थेट काकूंपाशी गेली आणि हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं, सांगू लागली. काल तिने मुलाच्या घरमालकाला फोन लावला होता. माझ्या पोराला काहीतरी झालंय, म्हणाली. घरमालक दोन शेजारी घेऊन गेला आणि जवळच्या किल्लीने दार उघडलं. मुलगा रात्रपाळी करून झोपला होता. डोळे उघडले तर खोलीत तीन माणसं.

"मग त्याचा फोन आला. आठ महिन्यांनी. दोन मिनिटं सतरा सेकंद." बाईने पिशवी खांद्यावर सारली. "म्हणाला, नंबर बदलतो, खोलीपण बदलतो. फार ओरडत होता. त्याच्या आवाजावरून काही कळेना, ताई, तो बरा आहे का. आता चालू झालाय ना हा? एकदा हातात द्या."

काकूंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली. काकूंनी पाहिलं आणि एप्रनच्या खिशातली बारीक करवत काढली.

गोट्याचा सांधा कुठे आहे हे त्या एकट्यांनाच माहीत होतं. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला आणि कापायला घेतलं. पांढरी भुकटी टेबलावर पडत राहिली. तीन-चार मिनिटं तेवढाच आवाज होता. गोटा उघडला तेव्हा त्यांनी दोन्ही भाग बाईच्या समोर धरले.

"यात तुमचा मुलगा नाही. कुणीच नाही. ही तार, ही बॅटरी. नंबर कुठे जात नाही. मी केलंय हे."

"पण मधेच थंड व्हायचा, परत गरम व्हायचा. मला वाटायचं, बाहेर पडला असेल, पोचला असेल."

"बॅटरी पुरावी म्हणून तसं केलं होतं."

"म्हणजे तीन दिवस मी..."

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. सांगितलं नाही."

बाई रडली नाही. तिने एक भाग उचलून कडेवरून बोट फिरवलं. "इतकं नीट कशाला केलंत हो?"

परीक्षकांपैकी एकाने सरांना विचारलं, हे सादरीकरणातच आहे का. ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं ते सर म्हणाले, मला माहीत नाही.

मुलगी पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. गोटा माझा आहे, काकूंना गप्प मीच बसवलं, असं काहीतरी ती पुटपुटली. बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तिच्या हातातल्या फोनसकट.

"आई आहे तुला?"

"आहे."

"तिचा फोन उचलतेस?"

"कधी कधी."

"मग तूच सांग. काय लिहिलं तर तू नंबर बदलणार नाहीस?"

दोघी भिंतीशी खाली बसल्या. परीक्षकांकडे मुलीची पाठ झाली, पण तिने वळून पाहिलं नाही. बराच विचार करून ती म्हणाली, प्रश्न विचारू नका. जेवलास का, बरा आहेस का, यातलं काहीही नको. माझी चूक झाली एवढं लिहा आणि थांबा. बाई एका बोटाने लिहीत गेली: घरमालकाला किल्लीने दार उघडायला लावलं, ते चुकलं. पुन्हा कुणाला पाठवणार नाही. पुढे तिने "काळजी घे" जोडलं. मुलीने नको म्हणून हळूच मान हलवली. बाईने ते दोन्ही शब्द, एकेक अक्षर करून, पुसून टाकले. रोज म्हणते हो मी हे, एवढंच बोलली. मग निरोप पाठवला.

काकू तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या. वाटेत मुलीचं आत काय झालं असेल याचा विचार काकूंच्या मनात येत होता. त्यांनाही परत जाऊन सरांसमोर उभं राहायचंच होतं. थांब्यावर बाईने फोन बाहेर काढला. निरोप पोचला होता, वाचलेला नव्हता. निदान नंबर तरी अजून तोच होता. बाई पडद्यावर अंगठा ठेवून उभी राहिली, तो विझू नये म्हणून. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरापाशी आली तरी तिचं लक्ष नव्हतं.

नका बघू, असं काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी तिच्या कोपरावरची पिशवी तेवढी अलगद काढून आपल्याकडे घेतली, आणि बस येईपर्यंत धरून ठेवली.