सिमानतोवच्या नावाचं पातेलं

हॉटेलच्या खोल्यांमध्ये स्वयंपाकाला बंदी होती, म्हणून नाझिमा चहाच्या किटलीत अंडी उकडत होती. उकळी आली की किटली खटकन बंद पडे आणि नाझिमा पुन्हा बटण दाबी. शेजारच्या खोलीतली साबरिया चौकटीला टेकून हा प्रकार बघत होती. गावातही दोघी शेजारणीच. पण तिकडे मध्ये डाळिंबाची झाडं होती आणि इथे एक पातळ भिंत.

"अगं, अंडी उकडतेस की छळतेस त्यांना?"

"पुण्यतिथीची अंडी कच्ची राहून चालत नाहीत."

"सिमानतोवला तर अर्धीकच्चीच आवडायची."

"जिवंतपणी त्याला काय काय आवडायचं. आता तरी जरा शिस्तीत राहू दे त्याला."

दोघी हसल्या. नाझिमा त्या दिवशी आनंदात होती. अशा दिवशी आनंदात असावं का, असंही तिला मधूनच वाटत होतं.

तिचा नवरा सिमानतोव लढाईच्या आदल्या हिवाळ्यात झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. गावच्या, म्हणजे गिवात रिमोनच्या, दफनभूमीत तो आहे. तिथून पलीकडच्या देशातले कोंबडे ऐकू येतात, निदान यायचे. पुण्यतिथीला कबरीवर जायचं, दगड धुवायचा, दिवा लावायचा, वर एक खडा ठेवायचा, किमान दहा ज्यू पुरुषांनी कद्दिश ही प्रार्थना म्हणायची आणि मग घरून आणलेलं अन्न गेलेल्या माणसाच्या नावाने तिथेच खायचं, एवढंच तर असतं. पण पहिली पुण्यतिथी आली तोवर लढाई लागली होती, सरहद्दीवरची गावं रिकामी केली होती आणि गिवात रिमोनची माणसं किनेरेत नावाच्या तळ्याकाठच्या या हॉटेलात येऊन पडली होती. कद्दिश हॉटेलच्या सभागृहात म्हणावं लागलं. आदल्या दिवशी तिथे कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस झालेला. फुगे छतालाच होते. मध्येच एक फुटला आणि निम्मी माणसं जमिनीवर आडवी झाली. मग सगळे हसले. नाझिमाही हसली, पण सिमानतोवच्या कबरीवर गाव सोडल्यापासून कुणी तांब्याभर पाणीसुद्धा ओतलेलं नाही, हे तिच्या मनातून जाईना.

या वर्षी झकाय म्हणाला, "तू माझ्यावर सोड."

झकाय गावच्या कमिटीचा प्रमुख आणि पक्षाचा गावातला माणूस. सिमानतोव आणि तो एका बाकावर बसून शिकलेले. त्याचा आवाज मोठा, मिठी मोठी, आणि समोरचा बोलत असताना मान डोलावत राहायची सवय. ऐकून घेणारा माणूस वाटायचा तो.

"सैन्याची परवानगी मी काढतो. दहा पुरुष, तू आणि तुझा मुलगा. सिमानतोवला त्याच्या घरी भेटू आपण."

नाझिमाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता.

तिचं आणि पक्षाचं नातं जुनं. तिचे वडील कुर्दिस्तानच्या डोंगरातून आले तेव्हा त्या वेळच्या सरकारी लोकांनी त्यांना तंबूत ठेवलं, अंगावर जंतुनाशक पावडर फवारली आणि बोलताना ते नेहमी दोन पावलं लांब उभे राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी दुसऱ्या, म्हणजे आता सत्तेवर असलेल्या, पक्षाचा एक माणूस गावात आला, आईच्या चटईवर मांडी घालून बसला आणि हाताने कुब्बे, म्हणजे रश्श्यातले खिम्याचे गोळे, खाल्ले. रस्सा कोपरापर्यंत ओघळला तरी त्याला पर्वा नव्हती. वडील त्या रात्री म्हणाले, "यांनी आपल्याला माणसात धरलं." तेवढ्यावर त्या घरातली मतं कायमची ठरली. नाझिमा लग्न होऊन आली तेव्हा ती मतं जणू आंदणात घेऊन आली. प्रत्येक निवडणुकीला झकाय उमेदवार आणायचा आणि सभा नाझिमाच्या अंगणात व्हायची. तिच्या अंगणाला फाटक नव्हतंच. तिचं निळं पातेलं आंबट रश्श्यातल्या कुब्ब्यांनी भरलेलं असायचं. त्याचं मूळ झाकण कधीच हरवलं होतं, वर दुसऱ्या कुठल्या तरी भांड्याचं पिवळं झाकण. ते पातेलं बघितलं की गावातली पोरं ओरडायची, "निवडणूक आली!"

गाव सोडायचं ठरलं तेव्हाही घरोघर फिरून सांगणारा झकायच होता. "दोन शब्बाथ, फार तर तीन आठवडे. मंत्र्यांशी माझं स्वतःचं बोलणं झालंय." नाझिमाने एक पिशवी भरली आणि निळं पातेलं तेवढं बरोबर घेतलं. दार उघडंच ठेवलं, कारण सैनिक येतील, त्यांना पाठ टेकायला जागा हवी. फ्रीजरमधले कुब्बे कसे गरम करायचे ते तिने तिथल्या एका सैनिकाला दोनदा समजावलं. तिच्या कोंबड्यांचं झकाय बघणार होता. पुढे खाद्याची गाडी वर जाईनाशी झाली आणि कोंबड्या मेल्या. हे त्याने सांगितलं तेव्हा तो रडला होता, म्हणून नाझिमानेच त्याची समजूत घातली.

साबरिया समजुती घालणाऱ्यांतली नव्हती. लॉबीतल्या टीव्हीवर रोज संध्याकाळी कुणीतरी विजयाच्या गोष्टी करी, आणि ती रोज त्याला उत्तर देई. "विजय? माझ्या न्हाणीघराला छप्पर नाही रे बाबा! पलीकडच्या गावातही कुणाचं राहिलेलं नाही. मग जिंकलं कोण?" ओलीस धरून नेलेल्या माणसांचे फोटो पडद्यावर आले की मात्र ती नुसती ओठ पुसत राही.

नाझिमाचा मुलगा एल्यासाफ राखीव सैन्यात पुन्हा पुन्हा बोलावला जात होता. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं. धाकटी त्याला ओळखेना. आणि त्याच सरकारात बसलेले काही जण आपापल्या लोकांच्या मुलांना सैन्यातून सूट मिळवून देण्यासाठी भांडत होते.

"आता तरी बोल काहीतरी," साबरिया म्हणायची.

"वरच्यांना सगळं कळत नाही गं. खालचे पोचवत नाहीत."

"खालचा म्हणजे झकाय ना? तो तर रोज पोचवतो. आपल्याला काय ते विचार."

"बाकीचे कोण आहेत मग? ते दुसरे? ते अजूनही आपल्याशी दोन पावलं लांब उभं राहून बोलतात."



तर पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हॉटेलचा आचारी नबील याने तिला कुब्बे शिजवायला मागच्या स्वयंपाकघरातली एक शेगडी मोकळी करून दिली. तो गालीलमधल्या एका अरब खेड्यातला. रॉकेटं त्याच्याही गावावर पडत होती. "दोदा नाझिमा," तो तिला मावशी म्हणून हाक मारायचा, "या झाकणाचं लग्न लावायला हवं होतं दुसऱ्याशी. या पातेल्याशी काही जमत नाही त्याचं."

"कुठलं जमतं रे? पण निभावतायत ना!"

पुण्यतिथीच्या सकाळी झकाय पातेलं न्यायला आला. सामान सैन्याच्या गाडीतून आधी जाणार, माणसं मागाहून, असं ठरलं होतं. नाझिमाने पातेल्यासोबत एक टोपली दिली. तिच्यात दिवा, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेला एक खडा होता. तळ्याकाठी फिरताना सापडलेला गुळगुळीत काळा खडा तिने वर्षभर उशाशी ठेवला होता. अंडी तिने स्वतःजवळ ठेवली. मग काळा झगा घालून ती लॉबीत जाऊन बसली. एल्यासाफ त्याच्या तुकडीतून परस्पर वर यायचा होता.

दुपार व्हायच्या आत झकायचा फोन आला.

"नाझिमा, मन घट्ट कर. परवानगी रद्द झाली. वर धोका आहे म्हणतात. माझे हात बांधलेत गं."

"पण मग—"

"मला एकट्याला कमिटीचा माणूस म्हणून सोडलंय. तुझा दिवा मी लावतो, खडा मी ठेवतो. तो माझाही भाऊच होता."

"सांभाळून राहा रे," ती म्हणाली. एल्यासाफला फोन करून तिने सरळ हॉटेलवर बोलावलं. मग मांडीवरची अंड्यांची पिशवी घट्ट धरून तशीच बसून राहिली. साबरिया तिच्याजवळ येऊन बसली.

दुपारच्या बातम्यांत मंत्री सरहद्दीवर गेल्याचं दाखवलं. "आम्ही उत्तरेला एकटं सोडलेलं नाही," तो म्हणत होता. मागे डाळिंबाची झाडं होती. नाझिमाला आधी झाडंच ओळखीची वाटली. मग स्वतःच्या घराची तुटलेली पायरी दिसली.

लॉबीत चहाचे पेले मांडणारा नबील हातातला पेला तसाच धरून उभा राहिला.

"दोदा," तो हळूच म्हणाला, "ते तुमचं पातेलं आहे."

पिवळं झाकण बाजूला पडलं होतं. तिच्याच अंगणात, तिच्याच खुर्च्यांवर माणसं बसली होती. मंत्र्याचे लोक, कॅमेरेवाले, अधिकारी. बश्या हातोहात फिरत होत्या. मंत्र्याने चमच्याने एक कुब्बा उचलला, डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाला, "हे बघा आपले लोक! घरादारापासून दूर आहेत, तरी आपल्यासाठी रांधून पाठवतात." शेजारी झकाय मान डोलावत होता.

"अंगण भरलंय गं पुरुषांनी," साबरिया पुटपुटली. "आणि दफनभूमी तर त्या पुढच्याच वळणावर."

नाझिमा पडद्यावरची माणसं बघत होती. दहा काय, तिप्पट होती. त्यांच्यातला एकही उठून त्या वळणापर्यंत जाईना. सिमानतोवच्या नावाचं अन्न त्याचं नाव न घेता संपत होतं.

ऊन कलल्यावर झकाय आला. पातेलं आणि टोपली त्याने तिच्या पायाशी ठेवली आणि मिठीसाठी हात पसरले. नाझिमाने टोपली मांडीवर घेतली. बाटली भरलेली होती. दिव्याची वात पांढरी होती. फडक्याची गाठ तिने सकाळी मारली होती तशीच.

"कबरीवर गेला होतास?"

"जाणारच होतो. पण त्यांचा वेळ... तुला माहीत आहे हे लोक. एकदम निघाले."

"परवानगी रद्द झाली म्हणालास."

झकायने इकडे तिकडे बघितलं. लॉबीतले सगळे ऐकत होते. त्याने आवाज खाली घेतला. "सैन्याने दिवसाला एकच गट सोडायचा ठरवलं. एकच! मी कुणाला निवडू? त्यांनी गावाला पक्की घरं द्यायचं कबूल केलंय, कॅमेऱ्यासमोर. हे मी स्वतःसाठी केलं का? सिमानतोव असता तर त्यानेच म्हटलं असतं, आधी गाव."

"आणि पातेलं?"

"फुकट जाऊ नये म्हणून... आवडलं गं त्यांना. दोनदा मागून घेतलं."

"घे!" साबरिया टाळी वाजवून म्हणाली. "ऐकलंस ना नाझिमा? मंत्र्याला आवडलं! आता सिमानतोव शांत झोपेल."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठली पडते रे? तुझ्या मंत्र्याच्या मध्ये पडायला मला परवानगी लागेल."

नाझिमाने हात वर केला तशी साबरिया थांबली. एवढ्यात एल्यासाफ दारातून आत आला, धुळीने भरलेला, खांद्याला बंदूक. त्याने आईचा चेहरा बघितला, पातेलं बघितलं, झकायला बघितलं.

"ईमा, सूर्य बुडायला आलाय," तो एवढंच म्हणाला. "तो बुडाला की पुण्यतिथीचा दिवस संपला."

साबरिया माणसं गोळा करायला धावली. कुणी पत्ते टाकून आला, कुणी टॉवेल खांद्यावर घेऊनच. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणत ती एकेकावर एकेक शब्द टाकत गेली. एल्यासाफपासून सुरुवात केली. नऊ शब्द संपले आणि माणसंही संपली. दहावा शब्द तोंडात घेऊन ती उभी राहिली. कुणी पाहुण्यांकडे गेलेलं, कुणी दवाखान्यात, कुणी लढाईवर.

तळ्यापलीकडचे डोंगर लालसर झाले होते. झकाय खांबापाशी उभा होता. पहिल्यांदाच त्याची मान डोलत नव्हती.

साबरियाने नाझिमाकडे बघितलं. "मी रस्त्यावरून कुणालाही ओढून आणते. त्याला नको."

नाझिमाने सिमानतोवचा विचार केला. त्याला आज काय हवं आहे? दहावा कोण होता हे तो विचारणार नाही. त्याने जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

"ये," ती झकायला म्हणाली. "उभा राहा."

साबरियाने शेवटचा शब्द त्याच्यावर टाकला, थुंकल्यासारखा. एल्यासाफने बंदूक पाठीमागे सरकवली आणि कद्दिश म्हटलं. बाकीच्यांनी आमेन म्हटलं. झकायचं आमेन सगळ्यांत मोठं होतं, आणि ते खोटं नव्हतं, हे नाझिमाला कळत होतं. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

मग तिने अंडी वाटली. प्रत्येकाने सिमानतोवचं नाव घेऊन खाल्लं. झकायलाही दिलं. त्याने नाव घेतलं, त्याचे डोळे भरले, आणि आता सगळं मिटलं असं त्याला वाटलं.

"परत गेलो ना नाझिमा, की पहिली सभा तुझ्याच अंगणात," तो तिचा हात धरू बघत म्हणाला.

तिने हात मागे घेतला आणि त्या हाताने पातेलं त्याच्याकडे सरकवलं. तळाशी रस्सा वाळून चिकटला होता.

"हे घासून आण," ती म्हणाली. "मला उष्टं भांडं परत नकोय."

तो कॅमेऱ्यांसमोर उभा राहिलेला माणूस पातेलं छातीशी धरून स्वयंपाकघराकडे गेला. आत नबीलने त्याला कुठली मोरी वापरायची ते दाखवलं असावं; घासल्याचा आवाज येऊ लागला. नाझिमाने खडा फडक्यातून सोडवून झग्याच्या खिशात ठेवला. एल्यासाफ तिच्या शेजारी येऊन बसला.

"पुढच्या निवडणुकीला काय करशील, ईमा?"

"मत कुणाला देऊ? आपला म्हणावा असा कोण राहिलाय?" ती काचेबाहेर बघू लागली. तळं आता काळं दिसत होतं. "तू एक कर. परत गेलो की आधी अंगणाला फाटक बसव."

"आणि सैनिक आले तर?"

"ते आले तर मी उठून उघडीन," नाझिमा म्हणाली. "आता कोण आलंय ते बघून उघडीन."