अक्कांनी फाडलेली सात प्रतिज्ञापत्रं

फोन शेफालीचा होता, सकाळी साडेआठचा. "अन्वरभाऊ, अक्का गेल्या," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "काल संध्याकाळी दोन भाकरी नि भरीत खाल्लं. वर मला म्हणाल्या, मिरची कमी पडली." आणि फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही रडता रडता हसायला लागलो. अ‍ॅडव्होकेट इंदुमती अहिरे, म्हणजे धुळ्याच्या कोर्टातल्या आम्हा सगळ्यांच्या अक्का, ऐंशी ओलांडून, जळगावात भावाच्या घरी झोपेतच गेल्या. त्याला आता दीड महिना झाला. रडवेलं लिहायचं मला जमणार नाही, आणि त्यांना ते चाललंही नसतं. अर्जात 'अश्रू' शब्द दिसला की त्या खोडायच्या. "साहेबांना रडवायचं नाहीये, अन्वरभाऊ, त्यांच्याकडून आदेश घ्यायचाय," म्हणायच्या.

मी टायपिस्ट. कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल, त्यावर माझं मशीन, आणि माझ्या वेगाबद्दल मला भलता अभिमान. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भडगावकडच्या एका बौद्ध शेतमजुराची ही मुलगी वकिली करायला धुळ्यात आली. लेडीज सायकलवरून यायच्या आणि रस्ता रिकामा असला तरी घंटी वाजवायच्या. हसणं असं, की आतल्या कोर्टात ऐकू जाईल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी झोप उडवली. बाकीचे वकील कागद टाइप झाला की पक्षकाराला सहीची जागा दाखवायचे. अक्का मात्र पक्षकाराला लिंबाच्या पारावर घेऊन बसायच्या आणि सगळा कागद त्याच्या बोलीत वाचून दाखवायच्या. तो म्हणाला 'असं नव्हतं झालं', की कागद परत माझ्या टेबलावर! एकेक अर्ज मी चार चार वेळा टाइप केलाय. तेव्हा मनातल्या मनात त्यांना किती बोललो असेन, ते आता सांगत नाही.

शेफाली आमच्याकडे आली ती नव्वदच्या आसपास. बांगलादेशातल्या खुलन्याकडची. शिवणकाम मिळवून देते म्हणून एका ओळखीच्या बाईनं तिला सीमेपलीकडून आणलं आणि आपल्या तालुक्यातल्या एका माणसाला विकलं. त्यानं लग्नाचं नाव देऊन दोन वर्षं तिला कोंडून राबवलं. एका दुपारी ती पळाली ती धुळ्यात, भाजीबाजारामागच्या गल्लीत, भागाबाईच्या ओट्यावर येऊन बसली. भागाबाई विधवा, पापड लाटून पोट भरणारी. तिनं पाणी दिलं, मग भाकरी दिली, मग हातात लाटणं दिलं. दोन वर्षं सुखात गेली. पोरगी अहिराणी बोलायला लागली, गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवायला लागली. मग त्या माणसानंच पोलिसांत कळवलं, की ही परदेशी आहे, हिच्याकडे कागद नाहीत. खटला तिच्यावरच झाला. भागाबाईनं जामीन दिला, पण सीमेपार पाठवायची तयारी सुरू झाली होती. आणि तिथं तिला पहिली भेटणार होती ती विकणारी बाईच.

भागाबाई तिला घेऊन आली, तेव्हा अक्कांनी पहिल्या दिवशी 'कुणी विकलं' हे विचारलंच नाही. माझ्याकडून खडू मागून घेतला आणि म्हणाल्या, "तुझं गाव काढ." शेफालीनं शेडच्या फरशीवर नदी काढली, फणसाचं झाड काढलं, मशीद काढली, मग एक घर आणि घरात चूल. चुलीपाशी तिचा हात थांबला. "इथं आई बसते," म्हणाली. "मरियम." तो नकाशा तीन दिवस तसाच होता. तो पुसू नये म्हणून माझं टेबल तीन दिवस उन्हात! पण त्यातनं असा अर्ज झाला, की वाचणाऱ्याला ते गाव दिसावं. ही घुसखोर नाही, हिला फसवून आणलंय, विकणाऱ्यांवर अक्कांनी दाखल करायला लावलेल्या खटल्यात ही साक्षीदार आहे, म्हणून हिला इथं राहण्याची परवानगी द्या, असा तो अर्ज. परदेशी लोकांची नोंद जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात व्हायची, तिथं तो दाखल झाला. तिथला अहवाल मुंबईला जाणार आणि त्यावर निर्णय होणार होता.

आता माझा पराक्रम सांगतो. चौकशीच्या आदल्या दिवशी अक्का साक्रीच्या कोर्टात गेल्या होत्या. दुपारी भागाबाई गल्लीतल्या सहा बायका घेऊन माझ्या टेबलाशी आली. "अन्वरभाऊ, आम्ही बठ्ठ्या अंगठा देतस. लिखा, ती आम्हना साक्रीकडनी शे, आठलीच शे." भागाबाईचं माहेर साक्रीकडचं. मला काय सुरसुरी आली कोण जाणे! इथलीच ठरली तर कोण पाठवणार हिला? प्रश्नच मिटला! जुना अर्ज मागे घेता येईल, असंही मीच त्यांना सुचवलं. वकील मी, न्यायाधीश मी. सात बायका, सात प्रतिज्ञापत्रं... जन्म साक्री तालुक्यातला, बाप शेतमजूर, आई बाळंतपणात वारली. तपशील माझेच, आणि एकही खाडाखोड नाही. संध्याकाळी अक्का आल्या तेव्हा बायका अजून बसून होत्या, शेफालीही आली होती, आणि मी शाबासकीची वाट बघत होतो.

अक्कांनी सातही कागद वाचले. शेफालीला पारावर बसवलं आणि पहिला कागद तिला वाचून दाखवला. ती नीट ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "अक्का, यामा मनी माय कोठे शे?" मी मान खाली घातली. तिच्या आईला मी दोन ओळींत मारून टाकलं होतं. अक्का माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता झाडाझडती. तर म्हणाल्या, "अन्वरभाऊ, टाइप फार स्वच्छ आहे हो तुमचा." आणि सातही कागद एकदम फाडले. मग भागाबाईकडे बघून म्हणाल्या, "आठलीच शे ते मंग तिले इकं कोनी?" कोर्टकचेरीत कधी न गेलेल्या त्या बायांना तेवढ्या एका प्रश्नात कळलं, की आपल्या खोट्यानं विकणारेच सुटणार होते. तरी भागाबाईचा जीव राहिना. खरं सांगितलं आणि पोरीला धाडूनच दिलं तर? अक्का म्हणाल्या, "तर मी हायकोर्टात जाईन. पण खोटं पकडलं गेलं, तर मला कुठंच जाता येणार नाही." बोलल्या ठामपणे, पण त्या संध्याकाळी त्यांनी लागोपाठ तीन चहा घेतले. त्यांना भ्यायलेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. अधिकारी तरुण होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी भागाबाईला विचारलं, "ही तुमच्या गावची का?"

"नही साहेब. ती दूरनी शे. तिले लोकेसनी इकेल व्हती."

"मग तुमची कोण?"

भागाबाईनं पदर सारखा केला. "आखाजीले मी माहेरले जास, तव्हय तिलेबी संगे लई जास. मना भाऊ दोन्हीसले लुगडं देस. आते तुम्हीच सांगा साहेब, मनी कोन शे ती?"

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकीबाळींचा सण; त्या दिवशी कुणाला माहेरी नेतात, भाऊ कुणाला लुगडं देतो, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. अक्कांनाही ही गोष्ट ठाऊक नव्हती, त्या तोंड उघडं ठेवून भागाबाईकडे बघत होत्या. मग साहेब लेखनिकाला म्हणाले, "बाई बोलल्या तसंच लिहा. शुद्ध करू नका." बाहेर आल्यावर अक्का भर रस्त्यात अशा हसल्या की टांगेवाला वळून बघायला लागला. "मी दहा दिवस कायदा वाचतेय," म्हणाल्या, "आणि म्हातारीनं लुगड्यावर काम केलं!"

साडेतीन महिन्यांनी मुंबईहून सहा महिन्यांची परवानगी आली. ती वाढत गेली, मग वर्षावर आली. खटल्यात शेफालीनं साक्ष दिली तीही अहिराणीत, आणि विकत घेणारा तो माणूस आत गेला. मुदत वाढवायचा दिवस म्हणजे आमचा सणच असे. कचेरीतलं काम उरकलं की अक्का, शेफाली, भागाबाई आणि मी स्टँडजवळ भजी खायचो. अक्का तळलेल्या मिरच्या मोजून घ्यायच्या, नंतर न मोजता माझ्याही उचलायच्या. पुढे त्यांच्याकडे अशा आणखी बायका येत राहिल्या, नेपाळच्या, बंगालच्या. प्रत्येकीला खडू मिळाला आणि मला प्रत्येक वेळी ऊन. पण पुन्हा कुणाची आई मी मारली नाही, एवढं अभिमानानं सांगतो. त्या बाईनं मला माझं काम शिकवलं, आणि मी त्यांना त्याबद्दल कधी धन्यवाद म्हटलं नाही. आता म्हणतो.

अक्का गेल्या त्या दिवशी दुपारी मी जळगावला पोचलो. त्यांच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाखाली फायली, खुर्चीवर काळा कोट, आणि स्वयंपाकघराचा ताबा अक्कांच्या देखभालीला धुळ्याहून येऊन राहिलेल्या शेफालीकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा, बसायला जागा, सगळं तीच बघत होती. अक्कांचे धाकटे भाऊ मला म्हणाले, "अन्वरभाऊ, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या कार्डाचा मजकूर तुम्हीच करा." अक्कांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे 'त्यांच्या पश्चात' भाऊ आणि भाची, एवढीच माणसं. लिहिता लिहिता मी शेफालीकडे पाहिलं आणि पुढे जोडलं, 'आणि कन्या शेफाली'. भावांचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली. शेफाली चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागे उभी होती. तिनं ट्रे ठेवला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'कन्या' खोडलं. मग आपल्या वळणदार, उशिरा शिकलेल्या मराठीत तिथं लिहिलं, 'मरियम यांची मुलगी शेफाली, राहणार धुळे'.

संध्याकाळी प्रेसवाल्याचा मला फोन आला. म्हणाला, "चाचा, शेवटच्या ओळीत काहीतरी चुकलंय. ही मरियम कोण? घरच्यांत नाव कसं आलं? काढून टाकू का?"

मी म्हटलं, "एक अक्षर हलवू नकोस. आहे तसं छाप."