तरोट्याचं पान

महिन्यातून एकदा तरी मी वणीला जाते, आणि गेले की पुस्तकांच्या दुकानात चढल्याशिवाय परत येत नाही. दुकान वरच्या मजल्यावर आहे. खाली मालकीणबाईंच्या भावाचं कृषी केंद्र. जिन्यात बियाण्यांचा आणि फवारणीच्या औषधाचा वास असतो. शेवटच्या दोन पायऱ्यांवर नव्या कागदाचा वास लागतो, आणि मला उगाच हसू येतं.

मालकीणबाई माझ्याच वयाच्या. नवं पुस्तक हातात घेतलं की विचारतात, "मागचं झालं का, मॅडम?" मी स्वतः शाळेत शिकवते, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायची हिंमत होत नाही.

माझ्या मायला मात्र या दुकानाचा राग होता. मुकुटबनला आमची शेती आहे, आणि सारी जिंदगी तिनं त्या शेतातच काढली. शाळा चौथीपर्यंत. "घरात तुरी ठेवाले जागा नाही, अन् तू पुस्तकं आणून राह्यली," हे मी दरवेळी ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिचा चष्मा आणायला आम्ही दोघी वणीला गेलो. चष्मा लावून ती रस्त्यावर आली आणि दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटली. गाडीला दीड तास होता. म्हटलं, "माय, चाल न माझ्या दुकानात."

"कायले?"

"पंखा हाय तिथं."

पंख्यासाठी ती जिना चढली. मालकीणबाईंनी "या मावशी" म्हणून स्टूल दिलं आणि समोर रानभाज्यांचं एक चित्रांचं पुस्तक ठेवलं. मी कपाटाकडे वळले. थोड्या वेळानं मागून मायचा आवाज आला, अगदी शेतातून हाक मारावी तसा.

"हा तरोटा नोहे!"

दुकानातली दोन गिऱ्हाईकं वळली. मी धावतच गेले. "माय, हळू बोल. नाव छापलं हाय न खाली."

"छापलं असन. पान पाय न तू. तरोट्याचं पान शेंड्याले गोल असते. हे टोकदार हाय. हा कासविंदा होय. याची भाजी केली त घरचे ताट फेकून देतीन!"

मला लाजल्यासारखं झालं. पण मालकीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "मावशी, बाकीची पानंही बघा बरं." माय एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. केना बरोबर, काटवल बरोबर, अंबाडी बरोबर. फक्त तरोटा चुकला होता. मालकीणबाईंनी तिथल्या तिथे लेखकाला फोन लावला. ते एक निवृत्त गुरुजी होते. आधी ते म्हणाले की असं होणार नाही. मग त्यांनी आपली प्रत काढून ते पान पाहिलं. शेवटी म्हणाले, "फोन त्या बाईंकडे द्या."

मायनं फोन दोन्ही हातांनी धरला. "गुरुजी, राग नका मानू. पण लोकं खातीन न पुस्तक पाहून." पलीकडचे हसले ते मलाही ऐकू आलं.

आठवड्याभरात गुरुजी कॅमेरा घेऊन आमच्या शेतात आले. माय त्यांना धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, फिरवत होती, मी छत्री धरून मागे. "खाली बसा, गुरुजी, उभ्यानं पान दिसत नसते," असं तिनं सांगितलं आणि ते बिचारे खरोखर चिखलात बसले. जेवायला तरोट्याचीच भाजी होती. त्यांनी दोनदा मागून घेतली.

पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली. त्यात आमच्या धुऱ्यावरचा तरोटा आहे, आणि फोटोच्या कोपऱ्यात मायच्या बांगड्या. मायला घेऊन मी दुकानात गेले तेव्हा मालकीणबाईंनी ते पान उघडून तिच्यापुढे धरलं. मायनं चष्मा पुसून निरखून पाहिलं, पुस्तक मिटलं आणि परत दिलं.

"हे काहून देता मले? याच्यातलं त मीच सांगतलं. एखादं गोष्टीचं द्या. मोठ्या अक्षराचं."

मालकीणबाई खुशीत कपाटाकडे धावल्या. मी हातातलं पुस्तक घेऊन उभीच राहिले. त्या दिवशी माझ्याकडे पाहायला कुणाला वेळ नव्हता.