फटफटीची डोई

फाल्गुन वद्य सप्तमी, शनिवार. आभाळ कोरडं, वारा पडलेला. सकाळी नऊलाच पत्र्यावर हात ठेववत नव्हता.

एवढी नोंद त्या दिवशी केली होती. पुढचं लिहायला हात मोकळा नव्हता, म्हणून तोंडी सांगतो. चहा घ्या आधी. माझ्या हातून झालेल्या सगळ्या गाढवपणांचा बाजार भरवला ना, तर मानाची झूल या एकाच गाढवाच्या पाठीवर पडेल!

शिवणयंत्रं विकणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. राहायला सोलापुरात, गिऱ्हाईक गावोगावचे शिंपी. फिरायला एक फटफटी घेतली होती. एका सिलिंडरची, पावणेतीन घोड्यांची. हो, कंपनीनं तसं छापूनच दिलं होतं! तो पाऊण घोडा पुढचा की मागचा, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाजूला साइडकार. आमच्या गावचे, मंद्रूपचे लोक तिला पाळणा म्हणत.

शाळा माझी चार बुकांची. यंत्राची विद्या सगळी इंग्रजी पुस्तक उजव्या हाताला आणि कोश डाव्या हाताला ठेवून कमावलेली. त्यातून एक खोड लागली. गाडीच्या प्रत्येक भागाला मी मराठी नाव द्यायचो. क्लच म्हणजे पकड, पिस्टन म्हणजे दट्ट्या, आणि सिलिंडरवरचं हेड म्हणजे डोकं. ही खोड ध्यानात ठेवा.

माझे वडील, अण्णा, मंद्रूपला थोरल्या भावाकडे असत. आम्ही त्याला दादा म्हणतो. अण्णांची लघवी अडायला लागली होती. आमच्या डॉक्टरनं सांगितलं, "सोमवारी पुण्याचा सर्जन इथल्या दवाखान्यात येतोय. दुपारपर्यंतच थांबेल. तोवर वडिलांना आणा. त्याच्या हाताखाली गेले तर वाचतील. नाही आणलंत, तर मी काही बोलत नाही."

आणायचं कसं? बैलगाडीचे हिसके अण्णांना सोसत नव्हते. सर्व्हिस मोटारीत माणसं भाकरीच्या चळतीसारखी एकावर एक. राहिला माझा पाळणा. त्यात टेकून, पाय लांब करून बसता येई. पण मंद्रूपहून येताना सीना नदी ओलांडली की जो चढ लागतो, तिथं माझे पावणेतीनच्या पावणेतीन घोडे गुडघे टेकत. मी एकटा असलो तर ते कसेबसे चढत. पाळण्यात एक यंत्र ठेवलं तर मी उतरून ढकलत असे.

आता वाटा दोन होत्या. कापडाच्या एका दलालाकडे दोन सिलिंडरची दांडगी गाडी नुसती उभी होती. तो म्हणाला, "तुमची ठेवा, ही न्या. वरचे पैसे सावकाश बघू. आजच न्या की!" तीन माणसं घेऊन ती गाडी तो चढ गुणगुणत चढली असती.

दुसरी वाट खादरभाई मिस्त्रीची.

"नवी कायकू लेते साब?" खादरभाई म्हणाला. "इसका हेड घिसके पतला कर देतूं. अंदर की जागा कम, भडका जोर का. हिरन हो जाती हिरन!"

"म्हणजे डोकं तासायचं?"

"हेड बोलो साब, हेड. डोकां बोले तो लोगां डरतें."

"हेडला मराठीत डोकंच म्हणतात, खादरभाई."

आणि मी काय केलं? दलालाला 'नको' म्हणून सांगितलं. अहो, माझी गाडी मी नट नट सोडून पुन्हा जोडलेली. घरचं पोर गणितात कच्चं म्हणून शेजाऱ्याचं पोर घरी आणायचं का? असा माझा बाणा!

तर त्या शनिवारी दुपारी डोकं लेथवर चढलं. खादरभाई मधेच थांबला. "बस साब."

"अजून थोडं काढा."

"जास्ती होता साब."

"काढा हो!"

लोखंडाचा कीस उडत होता म्हणून मी ओला पंचा डोक्याला घट्ट गुंडाळलेला. अंगात सदरा नाही, नेसूचं धोतर घामानं निथळतंय. तेवढ्यात मंद्रूपची सर्व्हिस मोटार दारापुढं थांबली. ड्रायव्हर रामा खाली उतरला.

"मालक, आज येनार व्हता न्हवं मंद्रूपला? दादा वाट बघायलेत. आन् आईचा ताप कसा हाय, इचारलंय."

आई माझ्याकडे आली होती, माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी. बाळंतीण ठणठणीत, आणि आईनंच हिवतापानं अंथरूण धरलेलं. आदल्या दिवशी तिचा ताप उतरला होता. मी लेथच्या घरघरीत ओरडून सांगितलं, "आज येणं होत नाही म्हणावं. डोकं काढलंय! आणि आईची आता काळजी करू नको. मी सगळं नीट केलंय!"

 रामानं टोपी काढली, हात जोडले, मान खाली घातली आणि गेला.

मला वाटलं, काय विनयशील माणूस!

रविवारी सकाळी डोकं बसवलं. लाथ मारली आणि काय सांगू, गाडी दोरी तोडून पळणाऱ्या खोंडासारखी उधळली. छाती फुगवून गल्लीत शिरतो, तर माझ्याच दारात रडारड! आईची धाकटी बहीण, मंद्रूपची गंगूमावशी, चार बायका घेऊन पहिल्या मोटारीनं आलेली. हंबरडा कोपऱ्यापासूनच सुरू झालेला. मी गाडीवरून उतरेपर्यंत दार उघडलं. हातात सूप घेऊन आई उभी.

"अगं गंगू, कोन गेलं गं?"

मावशीनं वर बघितलं. 

"तू की गं, आक्का!"

"मी?"

"काल. रामा म्हनला."

आईनं सुपातले तांदूळ जरा हलवले. "मग मला कुनी कसं सांगितलं न्हाय?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मावशीनं माझी टोपी ओढून काढली.

"आन् ह्येच्या डोईवर तर हे रान हाय! बापू, तू न्हाव्याकडनं डोई केली म्हनलास न्हवं?"

"डोई नाही मावशी. डोकं. फटफटीचं."

आता तुम्ही हसलात. त्या पाचजणींपैकी एकही हसली नाही.

"आरं मुडद्या," मावशी मटकन उंबऱ्यावर बसली, "तिकडं दादानं डोई केली की रं! बापूनं केली म्हंजी अग्नी देऊन झाला, आता जाऊन तोंड तरी कुनाचं बघू, म्हनला. न्हाव्याला बोलावलं आन् बसला. आन् दाजी भितीकडं तोंड करून पडल्यात. कालधरनं पान्याचा घोट न्हाय. आता मला कुटं नेऊ नका म्हनत्यात."

 आईला उचलून पाळण्यात बसवलं आणि निघालो. दुसरा पुरावा कुठून आणणार?

आई म्हणजे मूठभर. सीनेच्या पलीकडे मंद्रूपच्या बाजूलाही एक छोटा चढ आहे, तो गाडी एका दमात चढली. एवढं सगळं डोक्यावर असताना माझ्या तोंडून काय निघावं? "बघितलंस आई, कसा दम आला!"

"माजा गेला," आई म्हणाली.

मंद्रूपला आमच्या दारात पोचलो तर सोप्यावरच्या बायका किंचाळून आत पळाल्या. दादा खांबाला टेकून बसलेला, डोकं तुकतुकीत. त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे, मग स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला.

"बापू," तो हळू आवाजात म्हणाला, "निरोप तरी पुरा धाडावा की रं."

आई सरळ आत गेली. अण्णांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. तिला बघितलं.

"न्यायला आलीस व्हय?"

"व्हय. सोलापूरला. उटा, पानी प्या."

अण्णांनी दोन घोट घेतले. त्याच दिवशी निघायचं होतं, पण त्यांना बसवेना. सोमवारी उजाडताच त्यांना पाळण्यात ठेवलं, पाठीशी उशी, पायावर घोंगडं. आई आणि दादा मागून सर्व्हिस मोटारीनं येणार होते.

सीना ओलांडली. चढ लागला. मी दात आवळून मूठ पिळली. गाडी निम्मा चढ आली, आणि आतून कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज यायला लागला. ठक. ठक. ठकठकठक. मग एक कडाका झाला आणि सगळं थांबलं.

अण्णांना बाभळीखाली निजवलं. मी गाडी उघडून बघितली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"दट्ट्या फुटला. डोकं जास्त तासलं गेलं."

"तुजं तासायचं व्हतं, बापू," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटले.

ऊन चढत गेलं. बाभळीची सावली ती काय! दोन बैलगाड्या थांबल्या, पण त्यांत चढवायला गेलो की अण्णा विव्हळत. शेवटी सोलापूरकडून रामाची मोटार येताना दिसली. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. रामा उतरला, अण्णांकडे बघितलं आणि त्याचा हात टोपीकडे गेला.

"टोपी घाल आधी!" मी ओरडलो. "जिवंत आहेत! मोटार माघारी फिरव."

आत वऱ्हाड कोंबलेलं. ते खाली उतरेना. मुहूर्ताची वेळ झालेली. रामा म्हणाला, "ह्यांना मंद्रूपला टाकतो आन् रिकामी घिऊन तसाच येतो, मालक. घरी निरोप काय सांगू?"

"काही सांगू नकोस!"

आणि त्या शहाण्यानं खरोखरच काही सांगितलं नाही. दारात जाऊन उभा राहिला. दादानं विचारलं, "काय रं?" हा गप्प. आईनं विचारलं, "काय झालं?" हा गप्प. नुसतं मोटारीकडं बोट केलं. मंद्रूप ते सीना, आई छाती बडवत आली. वाटेत एक चाक बसलं, ते बदलेपर्यंतही तिचं चालूच. दादा तिचे हात धरून बसलेला.

मोटार बाभळीपाशी थांबली. अण्णांनी डोळे उघडले.

"आता माजी पाळी व्हती व्हय?" ते म्हणाले.

आई तिथंच रस्त्यात बसून हसायला लागली. दादाही हसला. रामा टोपी तोंडात धरून हसला. मीही. त्या चढावर आम्ही चौघं हसत होतो आणि अण्णा आमच्याकडे बघत होते.

बाकं काढून अण्णांना मोटारीच्या तळाशी निजवलं. फटफटी चढावरच राहिली. दवाखान्यात पोचलो तेव्हा सर्जनचा टांगा स्टेशनकडे गेलेला होता. दलालाची दोन सिलिंडरची गाडी मिळाली तर स्टेशन गाठता येईल म्हणून मी पळत त्याच्याकडे गेलो. ती त्यानं शनिवारीच दुसऱ्याला दिली होती. पायी स्टेशनवर पोचलो. फलाट रिकामा होता.

मंगळवारी सकाळी अण्णा गेले.

विधीच्या वेळी न्हाव्यानं आधी दादाला पुढं बसवलं. ओला हात त्याच्या डोक्यावरून फिरवला. "हितं काढाया काय न्हाय," म्हणाला.

मग मला बोलावलं. मुलगे दोन होतो. डोई एकच झाली.