सादड्यावरचा गरुड

नवसाबाईशी कुणी वाकडं घेऊ नये. पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर हे शेंबडं पोरही सांगेल. शेजाऱ्याच्या बैलाने एकदा तिची नागली तुडवली, तर ही त्या घरच्या ना लग्नाला गेली, ना बारशाला. म्हातारी मेली तेव्हाही अंगणाबाहेरूनच बघून परत आली.

अशा बाईच्या दारातून देवीचं पिल्लू गेलं! लेक रूपाली पहिल्या बाळंतपणाला आलेली. सुखरूप सुटका होऊ दे, लाल कोंबडा देईन, असा नवस बोलून नवसाबाईने काबरी कोंबडीच्या पिल्लांतलं एकुलतं लाल पिल्लू देवीच्या नावाने ठेवलं होतं. भरदुपारी झडप आली आणि ते गेलं. तिने वर बघितलं, तर सादड्याच्या झाडावर गरुड बसलेला. झालं, चोर ठरला.

"त्यो नाय गं," नवरा गोटीराम म्हणाला. "गरुड साप खातो. पिल्लं नेतो ससाणा. पारव्याएवढा असतो, झाडीतून सुळकन येतो."

"चोच वाकडी, नखं वाकडी! मला काय शिकवता? माझ्या लेकीच्या जिवावर उठलाय मेला. सोडायची नाय त्याला."

तिने सादड्याखाली फासा लावला आणि त्यात एक लंगडं पिल्लू बांधलं. गरुड ढुंकूनही बघेना. दुसरी बाई असती तर तिथेच समजली असती. हिने बांधावरची धामण मारली आणि फाशात टाकली.

"आता धामण कशाला?" गोटीरामने विचारलं.

"पिल्लाला येत नाय म्हणून," ती बोलून गेली. बोलल्यावर क्षणभर तिलाच कसंसं झालं. पण रागापुढे तिने कधी स्वतःचं ऐकलं होतं, ते आता ऐकेल?

गरुड धामणीवर उतरला आणि अडकला. तिने दांडक्याने त्याला मारला. मेलेला कावळा शेतात टांगतात, तसा त्याला अंगणातल्या बांबूला उलटा टांगायला घेतला. बाकीच्यांना दहशत बसावी! ती गाठ मारत होती, तोच काबरी किंचाळली. एक छोटा राखाडी पक्षी तिच्या कोपराखालून गेला, पायात पिल्लू घेऊन. नवसाबाई तशीच दोरी धरून उभी राहिली. गोटीरामने तिच्या हातातून दोरी घेतली आणि गरुड खाली ठेवला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रूपाली सुखरूप सुटली, मुलगी झाली. पाडा म्हणाला, देवी पावली. नवसाबाईच्या तोंडावर मात्र हसू नाही. सादड्यावर त्या मेलेल्या गरुडाची मादी रोज येते, ओरडत अंगणावर घिरट्या घालते.

एका सकाळी रूपाली तान्हीला उन्हात घेऊन बसली होती. नवसाबाई चुलीपासून धावत आली.

"आत घे तिला, आधी आत घे!"

"अगं आई, गरुड लेकराला काय करतो?"

"मला ठाव हाय काय करतो नि काय नाय," नवसाबाई वर बघत म्हणाली. "पण ती वरची माझ्यासारखीच निघाली तर?"